मामाच्या जागेवर नेताजी

गेल्या रविवारी आमच्या इकडच्या लालबागला माझ्या भाचीचं लग्न झालं. सगळे विचारताहेत, मावशी, तुम्ही एक पण फोटो का नाही टाकला… तर ऐका आता.

आपल्यात नवरीला मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं मामाच उभा राहतो. हे कोणाला शिकवावं लागत नाही. भाचीला मामा एकच, माझा धाकटा भाऊ. शाहपुरात केळीच्या गाड्या भरतो. केळीचा चीक कपड्यावर पडला की जन्मात निघत नाही, म्हणून त्यानं लग्नासाठी मुद्दाम नवा शर्ट शिवला होता.

मुहूर्ताच्या थोडं आधी आमचे दाजी, म्हणजे नवरीचे वडील, त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीला आज आपल्या भागातले पुढारी, नेताजी आणतील. तू बुरा मत मान… मुलाकडचे मोठे लोक आहेत, जरा इम्प्रेशन पडतं."

माझं डोकंच फिरलं. तोंडावर विचारलं, "दाजी, मग कन्यादानाला पण कोणी मोठा माणूस बोलावलाय का? तुम्ही खुर्चीवर बसा आरामात!"

दाजी म्हणाले, "तुम्ही गप बसा. चार मोठ्या लोकांत कसं वागायचं, तुम्हाला कळत नाही." मला कळत नाही म्हणे!

मी पुढचं बोलणार तर भावानंच हात धरला. "ताई, आज नको. तू भांडलीस तर लोक पोरीचं लग्न विसरतील, तुझं भांडण सांगत बसतील." आणि गेला सरळ मागं स्वयंपाकाकडं, वरणासोबतच्या बट्ट्या तळणाऱ्यांना हात लावायला. मी तिथंच दात-ओठ खात…

नेताजी आले तसे सगळे मोबाईल वर झाले. भाचीला घेऊन चालले, पण बघत होते कॅमेऱ्याकडं. ती पोर गर्दीत मामाला शोधत होती. आंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि नेताजींचा फोन वाजला. बोलत बोलत स्टेजवरून उतरले ते गाडीतच जाऊन बसले. दुसरं लग्न होतं म्हणे!

भाचीच्या मागची जागा रिकामी. गुरुजी थांबले. दाजी इकडं तिकडं बघायला लागले. भावाच्या जागी मी असते ना… नाक घासायला लावलं असतं, सगळ्या मांडवासमोर.

पण तो आला. कोणी हाक मारायच्या आधीच आला, हात पुसत, नव्या शर्टावर तेलाचे शिंतोडे घेऊन, आणि भाचीच्या मागं उभा राहिला. चेहऱ्यावर ना राग, ना जिंकल्याची ऐट. भाचीनं मान न वळवता हात मागं नेला, त्याचा शर्ट मुठीत धरला… शेवटच्या अक्षता पडेपर्यंत सोडला नाही.

दाजींच्या स्टेटसला अजून नेताजीच आहेत. ठेवा बाबा! ओळखी दाखवा, गाड्या दाखवा. घरचा माणूस तेवढा मागं लपवा. माझा राग गेलेला नाही, आणि एवढ्यात जाणार पण नाही.

आजवर मला वाटायचं, माझा भाऊ भोळा आहे, त्याला कोणी पण दाबतं. तसं नाही ते… एवढा अपमान गिळून वेळेला उभं राहायला केवढी ताकद लागते, ती माझ्यात नाही.

आज हा एकच फोटो टाकतेय, मीच काढलाय, हललेला आहे. चेहरे नीट आले नाहीत. शर्ट धरलेली मूठ तेवढी दिसते… ती बघा.