गार स्टोव्ह

हातात एक कात्री, तोंडात दुसरी, म्हणून शर्टांच्या कॉलरी शिवणाऱ्या त्या बाईला गल्ली कात्रीमावशीच म्हणायची. सुनेशी तिचं वर्षभर वाकडं. एकाच खोलीत मधे चिंध्यांचा पडदा. अलीकडे मावशीचा स्टोव्ह, पलीकडे सून, मुलगा आणि दोन नातवंडांचा. मीठसुद्धा वेगळं.

आता वस्ती पाडून सरकार पक्की घरं देणार होतं. नियम असा, की ज्याची चूल वेगळी त्याला घर वेगळं. हा नियम करणाऱ्यानं एका खोलीत कधी संसार केला नसणार! गल्लीत रातोरात खोटे स्टोव्ह उगवले, मुद्दाम जाळून काळे केलेले. मावशी मात्र तोऱ्यात. "आमचं भांडण अस्सल आहे. आम्हाला नाटकं लागत नाहीत." दुसरं घर मिळालं तर मुलाचा संसार सुटा होणार होता. नाहीतर पाच जणांनी पुन्हा एकाच खोलीत जन्म काढायचा.

पाहणीचा साहेब उगवला तो नेमका सून तापानं फणफणलेली असताना. मुलगा कामावर गेलेला. मावशीनं सगळ्यांचा भात आपल्याच स्टोव्हवर शिजवलेला.

साहेबानं पडदा सारला, सुनेच्या स्टोव्हला हात लावला. गार. मग तिच्या हातातली वाटी पाहिली, मग मावशीचं पातेलं.

"एकत्रच जेवता की."

"आजपुरतं हो. ती पडलीय ना."

"सगळे हेच सांगतात, मावशी. मी दिसतं ते लिहितो."

दारातली शेजारीण म्हणाली, "वेगळ्याच आहेत साहेब. यांची भांडणं ऐकत आमची पोरं झोपी जातात!"

मागं कुणीतरी हसलं. साहेब हसला नाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

मावशीचं डोकं सटकलं. पळी घेऊन ती आडवी आली. "म्हणजे आजारी सुनेला उपाशी ठेवलं असतं तर दोन घरं होती? माणसं मोजा की! स्टोव्ह झोपतो का इथं पाय मुडपून?"

पेन थांबलं.

"नियम मी नाही केला," साहेब हळूच म्हणाला. त्यानं 'एक' लिहिलं आणि पुढं 'फेरतपासणी'. "पुन्हा येईन. कधी ते सांगता येत नाही. दोन्ही पेटलेले दिसले पाहिजेत."

तो जाताच सुनेनं वाटी पुढं सरकवली. "आई, घ्या परत. उद्याच आला तर? मी माझा पेटवते." उठताना तिचा तोल गेला, भिंत धरावी लागली.

मावशीनं तिला खांदे दाबून खाली बसवलं, जाऊन दाराला कडी घातली आणि वाटीत आणखी भात वाढला.

"गप गिळ. भांडायला अंगात ताकद लागते."