उलटी बाही

गॅरेजच्या शटरची जुनी मोटर मी स्वतःच बदलायला घेतली, कारण गावाहून आप्पा आले होते. शिवणयंत्रावर वाकून त्यांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. त्या शिक्षणाने हातातही काही आलं, हे त्यांना दिसावं असं वाटत होतं.

मेन स्विच बंद करून नवी मोटर बसवली, माहितीपत्रक बघत तारा जोडल्या. वीज सुरू करून वर न्यायचं बटण दाबलं, तर अर्ध्यावरचं शटर खाली यायला लागलं. तारांची अदलाबदल झाली होती. आप्पांकडे बघवेना.

स्टुलावर बसलेले आप्पा म्हणाले, "बाही उलटी लागली रे. उसव आन् परत लाव."

"तुमची लागली कधी?"

"आईला विचार. तुझ्या कॉलेजच्या पहिल्या शर्टाला दोनदा."

तो शर्ट मला आठवतो. खांद्यावर साधी सुरकुतीसुद्धा नव्हती. आप्पांचा हात चुकतच नाही, अशा अभिमानाने मी तो घालून वर्गात बसलो होतो. दोनदा उसवूनही त्यांनी तो इतका नीट शिवला, हे आज कळलं आणि अभिमान आणखी वाढला.

स्विच बंद करून मी तारा सोडवायला घेतल्या. मघाची लाज आता वाटत नव्हती.