अध्यक्षांच्या घरी गोलकीपरची बदली

आमच्या कॅम्प-वनच्या फुटबॉल क्लबच्या कपाटात कप एकच आहे. त्यात टाचण्या ठेवतो. किस्से मात्र ठेवायला जागा नाही, आणि एकूण एक किस्सा खेळाडू मिळवण्याचा! मी कमिटीत आहे, म्हणजे प्रत्येक मूर्खपणाला माझाही हात वर झालेला आहे.

बैठक अध्यक्ष प्रकाशभाऊंच्या घरी. कोणताही खेळाडू सुचवा, भाऊ बशीत चहा ओततात, फुंकर मारतात आणि म्हणतात, "महाग आहे तो. राहू द्या."

*

बाकीचे क्लब विचारतात, कोणत्या पायानं खेळतो? आम्ही विचारतो, कोणत्या शिफ्टला आहे? सगळे स्टील प्लांटमधले कामगारच ना!

एकदा सेक्रेटरी देवरावभाऊंनी डोकं लढवलं. कुम्हारी गावचे दोन स्ट्रायकर घेतले, एक सकाळच्या शिफ्टचा, एक दुपारच्या शिफ्टचा. म्हणजे एक तरी मोकळा सापडणार. पहिल्याच मॅचला दोघेही ड्यूटीवर! त्यांची दोस्ती झाली होती आणि दोघांनी शिफ्ट एक करून घेतली होती.

"कावून बे?" देवरावभाऊ कडाडले.

"एकाच गाडीवर येतो ना भाऊ. पेट्रोल वाचून राहिलं!"

*

दुर्गच्या क्लबकडून हाफबॅक घेतला तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते. त्यांना गणपतीच्या महाप्रसादासाठी मोठं भांडं हवं होतं. आम्ही आमचा खिरीचा गंज दिला. पुढे बुद्धपौर्णिमा आली, आता खीर कशात करायची?

गंज मागायला गेलो तर ते म्हणाले, "न्या की! पण हाफबॅक इथं ठेवून जा."

तीन दिवस आमचा हाफबॅक दुर्गात गहाण! खीर झकास झाली, मॅच हरलो.

*

आता खरं दुखणं. आमचा गोलकीपर म्हणजे हेच प्रकाशभाऊ. पन्नाशी उलटलेली, बावीस वर्षं त्याच दोन खांबांमध्ये उभे. दुर्गवाले आपला तरणा गोलकीपर द्यायला तयार होते, बदल्यात आमचा मागत होते. हे बोलायचं कुठे? त्यांच्याच घरी, शीलावहिनींचे पोहे खात!

देवरावभाऊ बशीकडे पाहतच म्हणाले, "गोलकीपर बदलवा लागते."

"बदलवाच!" प्रकाशभाऊ म्हणाले. "मागच्या मॅचले चार गोल खाल्ले त्यानं. मी होतो ना तिथं!"

ठराव त्यांनीच लिहिला, सहीसुद्धा केली. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा गोलकीपरचे हातमोजे हातातच होते.

"त्याले सांगन कोण?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी वाकून चपला शोधू लागलो.

"राहू दे. मीच सांगतो त्याले."

*

फायनल नेमकी दुर्गशीच. आम्ही एका गोलनं मागे, शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. आमच्या स्ट्रायकरनं सणसणीत मारला. समोर दुर्गच्या जर्सीत प्रकाशभाऊ. उडाले की हो! बॉल छातीशी धरून आडवे पडले. मी टाळ्या वाजवल्या, मग आठवलं की आपण हरलो.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे बैठक, अध्यक्षांच्याच घरी. भाऊंच्या गुडघ्याला हळदीचा लेप. वहिनींनी पोहे दिले.

पोहे संपवून देवरावभाऊंनी बशी खाली ठेवली. "काहीही करा, पण तो दुर्गचा गोलकीपर आपल्याले वापस पायजे."

सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. भाऊंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"महाग आहे तो," म्हणाले. "राहू द्या."