दुधाबरोबर घेतलेली कॅप्सूल

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी एका बिचाऱ्या माणसाला आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, दुधाबरोबर गिळायला लावली. मी लासुर्ण्याची मेडिकलवाली. आता अडुसष्ट वर्षांची आहे, दुकान नात बघते आणि मी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून गिऱ्हाइकांच्या भानगडी ऐकते, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. त्या वेळी मात्र मी पंचेचाळिशीची होते, फार्मसीचा डिप्लोमा काचेत घालून भिंतीवर टांगला होता, आणि जे त्या काचेत नाही ते जगात नाही अशी माझी ठाम समजूत होती. गावातले तात्या, दम्याचं जुनं दुखणं असलेले, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठीत कॅप्सूल होत्या आणि एक छोटं यंत्र होतं. कॅप्सूल माझ्याकडे होत्या, यंत्र नव्हतं. गिऱ्हाईक कशाला परत पाठवा? मी म्हटलं, "यंत्राशिवायबी चालतं, तात्या. दुधाबरोबर घ्या, म्हंजे उष्ण पडायची न्हाय." आता हे तुम्हालाही ठाऊक असेल की ती कॅप्सूल गिळायचीच नसते. ती यंत्रात घालून फिरवायची, ती फुटते, आणि आतली पूड श्वासाबरोबर तोंडाने छातीत ओढायची. पोटाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. चार दिवसांनी तात्या आले. "बाई, दूध बाधलं न्हाय, पर दम हाय तितंच हाय." मी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दूध वाढवा."

ही चूक पकडली ती शेळगावच्या मेडिकलवाल्या आबांनी. शिकण्याचा असा नाद असलेला माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि दोन्ही तालुक्यांची सहनशक्ती बघता एकच झाला ते बरंच झालं. हल्ली परवाना नव्याने करायचा तर आम्हा औषधवाल्यांना पाच वर्षांत दोनदा उजळणीच्या शिबिराला बसावं लागतं, म्हणून आम्ही जांभया देत का होईना बसतो. आबा सक्ती नव्हती तेव्हापासून बसत आलेत, आणि दोनदा नव्हे, भरेल त्या शिबिराला. मिळालेली प्रमाणपत्रं त्यांनी दुकानात इतकी लावली की मागचं कपाट झाकलं, आणि खोकल्याचं औषध काढायचं तर आधी मधुमेहाचं प्रमाणपत्र खाली उतरवावं लागे. बारामतीतल्या मंगल कार्यालयात शिबिर असलं की आबा नऊला हजर, पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. जेवणाच्या रांगेत वेळ जातो म्हणून बाजरीची भाकरी घरून आणायचे आणि पुण्याहून शिकवायला बोलावलेल्या पाहुण्याला दोन घास खाऊही न देता प्रश्न विचारायचे. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "आबा, मागं पंख्याखाली बसा की जरा." तर म्हणाले, "आमच्या बापाला शाळंच्या व्हरांड्यात बसवायचे, ताई. मी फुडंच बसनार. बघू, कोन उठवतंय." मग मी पंख्याचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यांच्या दुकानात जाणं म्हणजे परीक्षेला जाणं. औषधाच्या खोक्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा जो घडीचा कागद असतो, जो आपण खोकं उघडताच फेकून देतो, तो आबा भिंग लावून गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. डोकेदुखीची गोळी मागायला आलेला एक जण मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ इथपर्यंत ऐकून उठला. "ऱ्हाऊ द्या, आबा. ऐकूनच थांबलं." आणि औषध हातात देण्याआधी त्यांचा ठरलेला हुकूम: "आता परत सांगा, कसं घेनार?" चुकलं की बाकावर बसा. कन्हेरीहून ऊस घेऊन कारखान्याला निघालेला एक बागायतदार असा तीनदा नापास झाला. बाहेर त्याचा उसाचा ट्रॅक्टर रस्ता अडवून उभा, मागं गाड्यांचे भोंगे, आणि हा आत घोकतोय, "पिवळी जेवनाआधी, पांढरी जेवनानंतर." पास झाल्यावर गडी पेढे वाटायचाच बाकी होता.

तात्यांची लेक शेळगावात दिलेली. दूध वाढवूनही दम हटेना, तेव्हा ते लेकीकडे गेले आणि कॅप्सूल संपल्या म्हणून नव्या घ्यायला आबांच्या बाकावर येऊन ठेपले. "कशा घेता, सांगा."

"दुधाबरोबर."

पुढच्या तासाभरात आबांची लुना माझ्या दारात. मागं तात्या, धापा टाकत. आबांनी खिशातून यंत्र काढलं, तात्यांना शिकवलं, आणि मग भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आता तुमी परत सांगा." मी सांगितलं. पहिल्या खेपेला नापास झाले. तात्यांचा दम मात्र आठवड्यात बसला, आणि ते मला भेटेल तिथं सांगत, "बाई, तुमच्या औषदानं गुन आला, जरा उशिरा आला."

खरं सांगायचं तर हे यंत्र मागच्याच शिबिरात शिकवलं होतं. मी रजिस्टरवर सही केली होती, भेट मिळणारी पिशवी घेतली होती आणि सरळ साडीच्या दुकानात गेले होते. आमसुली रंगाला काठ कुठला उठून दिसतो हे मी त्या दिवशी शिकले. आता मला घोर लागला. आबांची आणखी एक खोड होती. प्रत्येक शिबिराच्या शेवटी ते उभं राहून एक चूक सांगायचे. "आपन नुसतं शिकतो, चुकतो कुठं ते कुनी सांगत न्हाय," असं म्हणून आपली स्वतःची एखादी ताजी चूक तपशीलवार मांडायचे. बाकीचे तेव्हा चपला शोधायचे. पण या खेपेला त्यांच्याकडे माझी होती. दोन तालुक्यांचे औषधवाले समोर. उद्या लासुर्ण्यात कळलं की बाईनं छातीचं औषध पोटात घातलं, तर माझ्याकडे साधा सोडाही कुणी मागायला येणार नाही. पुढच्या शिबिराला मी मागच्या रांगेत, नव्या आमसुली साडीत, घामानं भिजून बसले होते.

आबा उठले. "माझ्याकडनं एक मोठी चूक झाली," म्हणाले, आणि सगळं सांगितलं. कॅप्सूल, दूध, वाढवलेलं दूध. फक्त दुकान स्वतःचं सांगितलं. हसून हसून मंगल कार्यालय डोक्यावर घेतलं लोकांनी. मीही हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. त्या दिवसापासून कंपन्यांचे प्रतिनिधी, ठोक विक्रेते, सगळे त्यांना 'दूधवाले आबा' म्हणू लागले. मी एका शब्दानं बोलले नाही. एक वर्ष नाही, दोन नाही, बावीस वर्षं.

गेल्या वर्षी नात कॉलेजातून हसत आली. "आजी, सरांनी आज वर्गात एक किस्सा सांगितला. शेळगावचे कुणी एक आबा होते म्हणे, त्यांनी पेशंटला..." मला पुढचं ऐकवेना. शिवाय तो 'होते' हा शब्द. आबा आहेत, ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दुकान बंद केलंय, परवाना परत केलाय, तरी शिबिराला येतात. रजिस्टरात दुकानाच्या नावाच्या रकान्यात लिहितात, 'दुकान बंद, डोकं चालू'.

मागच्या शिबिरात शेवटी मी उठले. गुडघे धरून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ती चूक माझी, दूध माझं, आबांनी फुकट बट्टा लावून घेतला. मला वाटलं, आता आबा डोळे पुसतील. तर पहिल्या रांगेतून काठीचा आवाज आला. आबा वळून उभे. "साफ खोटं! म्हातारपनी बाईंच्या ध्यानात न्हाय ऱ्हात. ती चूक माझी हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्याच नावानं. नातसुद्धा कानात म्हणाली, "आजी, किती गं तू मोठ्या मनाची!"

बाहेर हात धुवायच्या नळाशी मी त्यांना गाठलं. "आबा, असं का केलंत?" त्यांनी हात झटकले, धोतराला पुसले आणि रुसलेल्या आवाजात म्हणाले,

"ताई, हयातभर उभं राहून मी ढिगानं चुका सांगितल्या. लोकांनी एकच ध्यानात ठेवली, अन् तीबी तुमी आता परत मागाय लागलाय."