महादेवच्या करंगळीचं भोक

पलटणीतून पेन्शनीवर आलो आणि दुबईला जबल अली बंदरात सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. ही माझी शेवटची पोस्टिंग. सोबत एक ट्रंक आणि महादेवचा बॅगपाइप.

लान्स नायक महादेव काटे माझ्या बँडमधला पायपर. गाडीच्या दारात सापडून त्याच्या उजव्या करंगळीचं पेर गेलं होतं. चँटर म्हणजे बोटं फिरतात ती लाकडी नळी. तिच्या शेवटच्या भोकापर्यंत त्याची करंगळी पोचेना. गड्यानं ते भोक बुजवलं आणि थोडं वर, तिरकं दुसरं पाडलं. तेव्हापासून त्याचा खालचा सूर चढा लागायचा. आम्ही म्हणायचो, "महाद्या, तुझा पाइप शिंकतोय!" तो आणखी जोरात फुंकायचा.

फायरिंग सुरू झालं की बँडवाले स्ट्रेचर उचलतात. त्या दिवशी काश्मिरात वायरलेस सेटवर आवाज आला, "कॅज्युअल्टी दोन. स्ट्रेचर पार्टी, मूव्ह." महादेव दुसऱ्या खेपेतून परत आला नाही. वहिनींना तेव्हा सातवा महिना होता. पाइप त्यांनीच माझ्या हाती दिला.

इथल्या उन्हानं पाइपची कातडी पिशवी तडकली. त्याच सुमाराला वहिनींचा फोन आला. "भावजी, पोरगा विचारतो, बाबा कसे वाजवायचे? त्यांच्या पाइपची कॅसेट करून पाठवा."

दुबईतल्याच देरा बाजारात एक पाकिस्तानी, सियालकोटी कारीगर होता. पाइप बनवणं त्याच्या घरात पिढीजात. मेंढीचं कातडं, मेण चोळलेला दोरा, रीड, सगळं चोख. मला तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही, त्यालाही मी नाही.

"सिर्फ बॅग," मी बजावलं.

घ्यायला गेलो, तर तिरकं भोक गायब! ते बुजवून सरळ रेषेत नवं पाडलेलं. नखालाही जोड लागेना.

"सुराख गलत था. दुरुस्त कर दिया."

"किसने बोला था?"

"साज मेरे हाथ से बेसुरा नहीं जाता. खलास."

मी त्याची गचांडी धरली. शेजारच्या दुकानदारांनी सोडवलं. आजही तो समोर आला तर मी हात आवरेन, असं सांगत नाही.

कॅसेट केली. माझी धडधाकट करंगळी त्या नव्या भोकावर नेमकी बसली, तेव्हा डोक्यात तिडीक गेली.

कॅसेट पोचल्यावर वहिनींचा फोन आला.

"भावजी, छान वाजवलंत. पण हा पाइप कुणाचा?"

"त्याचाच, वहिनी."

 त्यांच्यामागं कॅसेट चालू होती. सगळे सूर जागच्या जागी.

लान्स नायक महादेव काटे, स्ट्रेचर पार्टी. त्याचा पाइप शिंकायचा.