दावणीला तेरा

भूत, देव अंगात येणं, उतारा, करणी यांवर माझा काडीइतकाही विश्वास नाही. चौदाव्या वर्षापासून मी पत्रकं वाचत आलो आहे. इंग्रजी हद्दीतून पगडीत लपवून आणलेली, घामानं शाई फुटलेली. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, की गरिबाला जिथे न्याय मिळत नाही तिथे त्याला भुतं दाखवली जातात. हे आजही मी मानतो. तरीही खालची हकीकत लिहितो आहे, कारण ती मी स्वतःच्या डोळ्यांनी, लख्ख उन्हात पाहिली. दडवून ठेवली तर तोही खोटेपणाच होईल.

आमचं गाव हसनाबादजवळ. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तट्टावर माल लादून जालन्याच्या पेठेत नेतात. त्यांच्याकडे एकच घोडी आहे, मैना. गेल्या पौषात हैदराबाद सरकारचे बडे साहेब टूरवर निघाले. टूर म्हणजे शिकार, दुसरं काय! भोकरदनच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला सागाच्या रानात ओढ्याकाठी एक मोकळं मैदान आहे. दर साली तिथे तंबू पडतात आणि तिथूनच घाटावर जायची घोडवाट सुटते. चावडीवर हुकूम आला, की बारा घोडी, मालकांसकट, चार दिवस कॅम्पवर हजर. मजुरी नाही, चारा ज्याचा त्यानं आणायचा. वेठ बंद झाल्याचं सरकारी पत्रक त्याच चावडीच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं बरं का! त्याच्याच खाली उभं राहून शिपायानं हुकूम वाचला.

तात्यांना हिवताप होता. मैना गाभण — दहावा महिना. म्हणून मी गेलो. खिशात उर्दूत लिहिलेला अर्ज होता. घोडी दिवसांत आहे, घाट चढली तर गाभ पडेल, कदाचित तीही जाईल, तरी मेहेरबानी करून सोडावी. ‘मेहेरबानी’ लिहिताना हात आखडला होता, पण लिहिलं.

वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. जमादारानं अर्ज हातात घेतला, उलटासुलटा केला आणि त्यावर पानाची थुंकी पुसली.

“घोडी चलती ना?”

“चालते, पण…”

“मंग? हुकूम बारा का है. ग्यारा नहीं चलेगा. उद्या सकाळी घाट. जा, बांध जल्दी.”

शेजारी बसलेले दोघे शिपाई हसले. त्यानंतर चारही बाजूंनी मला एकच हाक. “ओ अर्जवाले! पाणी आण.” “ओ अर्जवाले! सरपण आण.”

आम्ही दावण घातली. बारा मालक, बारा जनावरं. खुंटे मात्र तेरा ठोकले. तेरावा रखमाजीबाबांनी ठोकला. ते साठीच्या पुढचे, आमच्याच पंचक्रोशीतले, पूर्वी मेंढरं राखायचे, आता एका तट्टावर पोट. त्यांनी प्रत्येकाच्या भाऱ्यातून मूठ-मूठ गवत घेतलं आणि त्या रिकाम्या खुंट्यापुढे टाकलं.

“हे कुणासाठी?” मी विचारलं.

“हितं येक घोडी मेल्ती वेठीत. मंठ्याकडल्या माणसाची. दिवस भरलेली व्हती. त्यानं लई हातापाया पडून सांगितलं, सोडा म्हनून. न्हाई सोडली. घाट उतरून आली अन् खोगीर पाठीवर असतानाच पडली. तवापासून तिचा खुंटा आपन लावतो. ह्यो रिवाज हाये.”

माझं डोकं फिरलं. “बाबा, आपली जनावरं अर्धपोटी अन् तुम्ही हवेला गवत घालून राह्यले? हे सगळं कागदावर लिहा, अंगठे करा, हैदराबादला पाठवा!”

बाबांनी तंबाखू मळली. “कागद कोन खातंय का रे इद्वान? गवत खातंय.”

सगळे खो खो हसले. मी रागारागानं उठलो आणि त्या खुंट्यापुढचं गवत उचलून मैनेपुढे टाकलं. कुणी अडवलं नाही. बाबांनी फक्त आपल्या भाऱ्यातून दुसरी मूठ काढली आणि पुन्हा तिथे नेऊन ठेवली.

सकाळ झाली. ऊन चांगलं वर आलं होतं. धुकं नव्हतं, धूर नव्हता, हे मुद्दाम लिहितो. साहेब आणि पाहुणे तंबूत नाश्ता करत होते. जमादार छडी घेऊन दावणीवर आला आणि एकेका जनावराच्या पुठ्ठ्याला छडी टेकवत मोजू लागला.

“…दस, ग्यारा, बारा, तेरा.”

तो थांबला. परत पहिल्यापासून मोजली. तेरा. पेशकाराला, साहेबांच्या कारकुनाला, बोलावलं. तो चष्मा पुसून आला, त्याचीही तेरा. मला हसू आलं — यांना धड मोजताही येत नाही अन् हे आमच्यावर राज्य करतात! मी स्वतः पुढे झालो आणि बोट लावून मोजली.

तेरा.

मी शाळेत गणितात पहिला यायचो हो…

“मालिक लोग! आपल्या-आपल्या जनावरापाशी उभे ऱ्हा!” जमादार ओरडला. आम्ही उभे राहिलो. बारा माणसं, बारा जनावरं. माणसाविना एकही घोडं नाही. “हटो!” आम्ही मागे सरलो. त्यानं मोजली. तेरा. मी तेरावा खुंटा शोधू लागलो. काल ओढ्याच्या बाजूला, शेवटचा होता. आता रिकामा खुंटाच दिसेना. प्रत्येक खुंट्याला जनावर होतं आणि प्रत्येक जनावर माझ्या ओळखीचं वाटत होतं. कुठलं परकं, हे मला सांगता येईना. आजही येत नाही.

मी तोंड उघडणार, तोच रखमाजीबाबांनी माझं मनगट धरलं. “गप ऱ्हा. बिलकुल गप.”

तंबूतून साहेबांची हाक आली. जमादाराला घाम फुटला. “कुणीतरी जास्तीचं जनावर घुसवलंय, मोजणीत लबाडी करायला! हरामखोर!” त्याची छडी माझ्याकडे वळली. “ओ अर्जवाले! ही पोटुशी काढ हितून. मला बारा पाहिजे, बराबर बारा!”

मी मैनेला सोडलं. कुणी मागे बोलवायच्या आत ओढा ओलांडला आणि पलीकडच्या चढावरून वळून पाहिलं.

दावणीला अकरा जनावरं होती. दोन खुंटे रिकामे. एक मैनेचा आणि एक शेवटचा, ओढ्याकडचा. त्याच्यापुढे गवताची काडीही उरली नव्हती.

 एक हाक मारायची, ‘जमादार, एक कमी पडतंय’ — इतकंच. मी सत्यावर लेख लिहिणारा माणूस! पण हाक मारली असती तर मैनेवर खोगीर चढलं असतं. मी हाक मारली नाही. कासरा धरून घराकडे चालू लागलो.

पुढचं चार दिवसांनी कळलं. साहेब घोड्यावर मांड टाकायला आले तेव्हा एक घोडं कमी. जमादारानं ते रखमाजीबाबांच्या नावावर ढकललं, म्हणाला म्हातारं मोजणीत लबाडी करून राह्यलं होतं. तंबूचं ओझं वाहणारं त्यांचं तट्टू एका पाहुण्याखाली गेलं आणि ओझं बाबांच्या डोक्यावर. साठीचा माणूस घाट चढला, उतरला, चारही दिवस.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा सून त्यांच्या खांद्याला हळद लावत होती. खांदा मडक्याएवढा सुजलेला.

“मैना व्याली का?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“अजून नाही. पण बरी आहे. बाबा, मी वळून पाहिलं होतं. अकराच होती. मी बोललो नाही…”

“बरं केलंस. तू बोलला अस्तास तर घोडी गेली अस्ती, अन् ओझं कुनाच्या तरी डोक्यावर आलंच अस्तं.” ते इतक्या सहज म्हणाले, जसं पाऊस-पाण्याबद्दल बोलावं.

आता पंचक्रोशीत सगळे म्हणतात, मेलेल्या घोडीनं दिवस भरलेलीला सोडवलं. म्हणोत. मी डोळ्यांचा दोष, उन्हाची तिरीप, मोजणीतली चूक — सगळं ताडून पाहिलं. तिघांची एकच चूक तीनदा कशी होते? तेरावं जनावर कुठून आलं आणि कुठे गेलं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

बाबांचा खांदा कुणामुळे सुजला, याचं आहे. ते मी जमादाराच्या नावानिशी लिहून काढलं आहे, आणि खाली पहिली सही माझी आहे. बाकीच्या अकरा मालकांच्या दारी मी रोज संध्याकाळी जाऊन बसतो. अजून कुणी अंगठा दिलेला नाही.