बर्फातलं झाड

दुबईत जबल अली बंदराकडे जाणाऱ्या आमच्या कंपनी बसमध्ये पुढच्या सीटवर एक वयस्क जपानी इंजिनियर बसायचा. टोपी मांडीवर ठेवून तो मोबाईलवर एकाच तळ्याचे फोटो बघत राही. त्याच्या गावातली ती जुनी बाग, कुणा सरदाराने वसवलेली. आम्ही सगळी रजा जुलैत घेतो, मुलांच्या शाळा तेव्हाच बंद असतात. तो मात्र रजेचे तुकडे करून प्रत्येक ऋतूत ती बाग पाहून येई.

"सर, तेच तळं परत परत? एकदाच व्हिडिओ काढून आणा," मी चेष्टा केली.

तो हसला नाही. त्याने बर्फातला फोटो पुढे केला. पाइनच्या फांद्या मोडू नयेत म्हणून शेंड्यापासून दोर बांधून त्या तोलून धरल्या होत्या. झाडावर हलकेच बोट टेकवून तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "उन्हाळ्यात हे अगदी धडधाकट दिसतं."

साताऱ्यात माझे वडील एकटे राहतात. थंडीत अण्णांना श्वास पुरत नाही, असं बहीण सांगते. ते फोनवर "बरा आहे" म्हणतात आणि मला ते मानणं सोयीचं जातं. इकडे आल्यापासून मी त्यांना फक्त जुलैत पाहिलंय.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी बसमधूनच फोन केला.

"अण्णा, पुढच्या आठवड्यात येतोय."

पलीकडे नुसती धाप ऐकू आली.

"आत्ता? जानेवारीत?" ते घाबरून म्हणाले. "कोण गेलं रे?"